पहिल्यांची भिंत

शारजा,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
वीणाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आभा मंगळवारी नागपूरला निघाली आहे, म्हणून घाईने लिहायला बसले. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी विदर्भाकडे कोण जातंय असं विचारलं, की लोक उत्तर द्यायच्या आधी हसतात. सगळं जग फोनवर बोलतं आणि मी एकटी माणसांच्या हाती पत्रं धाडते. पण तुमचंही खरंच आहे. ऑपरेशननंतर गळ्यातून आवाजच निघत नाही, तर व्हिडिओ कॉलवर नुसता हात हलवत बसायला तुम्ही काही मंत्री नाही. पत्रात निदान तुम्ही पूर्वीसारखे रागावता तरी.

तर बातमी अशी. दुबईत जी नवी व्यावसायिक बेसबॉल लीग निघाली आहे, तिच्यातल्या गल्फ डायव्हर्स संघाचा पहिला सामना शुक्रवारी झाला, आणि त्यांच्या मैदानावरची अधिकृत स्कोअरर म्हणजे तुमची मुलगी. आठवडाभर सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि सुट्टीत खेळाडूंच्या. अरुण म्हणतो, तुला पगार कशाचाही मिळो, धंदा तुझा एकच.

पहिला चेंडू सात वाजून बारा मिनिटांनी पडला. पहिली हिट आमच्या कॅप्टनची, लेफ्ट फील्डला, अगदी निर्विवाद. पहिली धाव मात्र ऐकून तुम्ही डोक्याला हात लावाल. तिन्ही बेसवर माणसं होती आणि समोरच्या पिचरने चार चेंडू बाहेर टाकले, म्हणून आमचा गडी चालत चालत आला. शेवटी नऊ विरुद्ध दोन असे हरलो. पहिला पराभव हासुद्धा इतिहासच, असं मी यम्नाला म्हटलं. यम्ना ही लीगच्या नोंदी विभागाची प्रमुख, मोरोक्कोची. ती हसली नाही.

मैदानाच्या दाराशी एक पांढरी भिंत आहे. संघाच्या आयुष्यात जे जे पहिल्यांदा होईल ते तिथे रंगवतात, तारीख आणि नाव घालून. माझ्या वहीत असेल तेच भिंतीवर जातं, म्हणून पेंटर माझ्यासमोर वही मागत उभा असतो. एक ओळ त्यांनी आधीच लिहून नावाची जागा मोकळी ठेवली आहे. डायव्हर्सकडून हिट मारणारा पहिला भारतीय खेळाडू. स्टँडमध्ये निम्मे आपलेच लोक येतात, त्यांना खूश ठेवायचं आहे.

बाबा, ती जागा कोणासाठी आहे ते सांगते. सुजीतची निवड झाली आहे. आपल्या सुजीतची, चौतिसाव्या वर्षी! प्रत्येक संघात इथे राहणारे दोन खेळाडू घ्यावे लागतात. उम्म अल कुवैनच्या कारखान्यातली सेफ्टी ऑफिसरची नोकरी सांभाळून तो इतकी वर्षं दर शुक्रवारी फिलिपिनो आणि जपानी लोकांबरोबर खेळत होता, हे मलाही धड माहीत नव्हतं. मी यम्नाला सांगितलं, की हा माझा सख्खा भाऊ आहे, दुसरा स्कोअरर बघा. दुसरा मिळेना. ती म्हणाली, मग दुप्पट काळजी घे, खलास, विषय संपला.

अकोल्याच्या त्या फायनलला पंधरा वर्षं झाली, बाबा. तुम्ही अंपायर होतात, तो बरोबरीची धाव पुरी करायला होम प्लेटवर घसरत आला आणि तुम्ही त्याला आउट दिलंत. सामना एका धावेने गेला, आणि त्याच्याबरोबर त्याची राज्य संघाची निवडही. आई होती तोवर निरोप तरी इकडून तिकडे जायचे. ती गेल्यापासून चार वर्षांत तुम्ही दोघांनी एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. आता तो बॅट घेऊन उभा राहील तेव्हा एक ओळ लिहाल का? माझ्या पाकिटात घातली तरी चालेल.

ईराने तुमच्यासाठी खाली सही केली आहे. मराठीत लिही म्हटलं तर इंग्रजीत म्हणाली, की आजोबांना अर्थ कळेल. तब्येत जपा, तपासणी चुकवू नका.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये ही विनंती.
आपली आज्ञाधारक,
वीणा


अमरावती,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वीणा हीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र आभाबाईंनी स्वतः येऊन दिले. बाई बोलक्या आहेत. मी पाटीवर एक वाक्य लिहीपर्यंत त्यांची दहा होत. त्यांच्याबरोबर मुगवड्या आणि तिखट पाठवतो आहे. तिखट जपून वापरणे, यंदाचे जहाल आहे.

चालत आलेली पहिली धाव वाचून शेजारच्या राजाभाऊंना बरोबर घेऊन हसलो. माझे हसणे आता नुसते खांदे हलण्यापुरते उरले आहे, पण हसलो. एकतीस वर्षे मी या गावातल्या पोरांना बेसबॉल शिकवला आणि मुख्याध्यापक मला विचारत, की गुरुजी, क्रिकेटचं सामान मोडलं का म्हणून हे आणलंत? त्या खेळाला भिंत मिळाली. मुलींचा संघ काढू दिला नाही म्हणून मी तुला वही-पेन्सिल देऊन धावा लिहायला तंबूत बसवले होते, आणि आज तुझ्या वहीवरून भिंत रंगते. हे राजाभाऊंना तीनदा वाचून दाखवायला लावले. कोणाच्या तोंडून ऐकायला बरे वाटते.

एक सांगतो. क्षेत्ररक्षकाने सहज अडवायला हवा होता असा चेंडू सुटला, तर ती हिट नव्हे, एरर. बॅटरच्या नावावर काहीही नाही. स्टँड कितीही ओरडो. आणि माणूस आपला असेल तर आणखी कडक. लोकांना बोट ठेवायला जागा देऊ नये.

चिरंजीवांची निवड झाली हे कळले. खांदा उघडून मारण्याची त्याची जुनी सवय होती. गेली असल्यास उत्तम. नसल्यास आतल्या बाजूच्या चेंडूवर चुकेल. हे मी म्हटल्याचे सांगायची गरज नाही.

ओळ लिहायला बसलो होतो. चिरंजीव सुजीत इथवर लिहून झाले. पुढे काय लिहावे ते सुचले नाही, म्हणून कागद ठेवून दिला.

नागपूरला तपासणीसाठी राजाभाऊ बरोबर येतात. डॉक्टर नेहमीचेच बोलतात. काळजी नसावी. जावईबापूंना व चि. ईराला आशीर्वाद.

आहे ती माया अशीच राहो.
तुझा,
बाबा


शारजा,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मुगवड्या पोचल्या. तिखटाने अरुणला घाम फुटला, तरी मागून घेतलं.

शनिवारी जे झालं ते तुम्हालाच सांगावं असं आहे. डायव्हर्सचा पहिला विजय झाला, सहा विरुद्ध पाच. भिंतीवर पहिल्या विजयाची ओळ रंगवूनही झाली. पण मला त्या विजयाचं काहीच वाटलं नाही.

सातव्या डावात सुजीतला बॅटिंगला पाठवलं. त्याआधी तीन सामन्यांत तो तीनदा उभा राहिला होता आणि तिन्ही वेळा आउट झाला होता. मंडळाची माणसं लेझीम घेऊन आली होती. तिसऱ्या चेंडूवर त्याने खांदा आत ठेवून मारलं, बाबा. सवय गेली आहे. चेंडू जमिनीवरून थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉप या दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून निघाला. शॉर्टस्टॉप धावत आडवा झाला, चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये शिरला आणि निसटून बाहेर पडला. तोवर सुजीत पहिल्या बेसवर पोचला होता. स्टँड उभं राहिलं. सुजीतने दोन्ही हात वर केले.

ठरवायला मला किती वेळ असतो? तीस सेकंद. चेंडू ग्लोव्हमध्ये शिरलेला मी पाहिला होता. समोर धावणारा माझा भाऊ होता. तुमचं पत्र पर्समध्येच होतं. मी एरर दिली. फलकावर एररचं अक्षर लागलं तेव्हा सुजीतने वर माझ्या खोलीच्या काचेकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

यम्नाने विचारलं, नक्की का? निर्णय बदलायला तीन दिवसांची मुदत असते, त्यानंतर नोंद कायमची होते. मी नक्की म्हटलं. रविवारी सुजीतला फोन केला, तर तो ईराच्या शाळेत काय चाललंय तेच विचारत राहिला. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. काल संध्याकाळी मुदत संपली. मी बदललं नाही.

मी बरोबर केलं ना, बाबा? लीगने त्या सामन्याचं पूर्ण चित्रीकरण टाकलं आहे, लिंक राजाभाऊंच्या सुनेच्या फोनवर पाठवते. जमलं तर पाहा.

आपला लोभ आहेच, तो या चुकार मुलीवरही राहावा.
वीणा


अमरावती,
१७ डिसेंबर २०२५

चि. सौ. वीणा हीस,
अ. उ. आशीर्वाद.

मंडळाच्या एका गृहस्थांबरोबर आलेले पत्र आत्ताच मिळाले, आणि ते उद्याच परत निघणार आहेत, म्हणून चार ओळी.

शाब्बास. मला दुसरा शब्द सुचत नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये शिरला होता ना? मग एरर. सख्खा भाऊ समोर असताना तुझा हात हलला नाही, याचा मला किती अभिमान वाटला ते आवाज असता तर सांगितले असते. असा निर्णय घ्यायला काय लागते ते या घरात मला माहीत आहे आणि आता तुला. चित्रीकरण पाहायची आवश्यकता नाही. राजाभाऊंची सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, ती आली की बघू.

खांदा आत ठेवला हे वाचून बरे वाटले.

मायेत अंतर नाही, तू ते पडू देऊ नकोस.
बाबा


शारजा,
मंगळवार, ३० डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

माझ्या हातून मूर्खपणा झाला. तुमचं शाब्बासकीचं पत्र मी सुजीतला दाखवलं. मला वाटलं, खांद्याबद्दलची ती शेवटची ओळ त्याने वाचावी. तुम्ही त्याच्याबद्दल काही चांगलं लिहिलंत असं पंधरा वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं. पण त्याआधीच्या ओळीही त्याच कागदावर होत्या.

त्याने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, की तुम्हा दोघांचा खेळ फार स्वच्छ आहे ताई, फक्त त्यात आउट व्हायला दरवेळी मीच लागतो. मग चहा न घेता उठला. खाली पार्किंगपर्यंत मी त्याच्या मागे गेले.

सीझन वीस तारखेला संपला. त्या एररच्या सामन्यानंतर सुजीतला आणखी एकदाच बॅटिंग मिळाली, त्यात तो आउट झाला. पुढच्या वर्षासाठी त्यांनी त्याला ठेवलेलं नाही. मॅनेजर त्याला हबीबी म्हणून मिठी मारून गेला, पण पस्तिशीच्या माणसाला पुढचं वर्ष नसतं हे सगळ्यांना कळतं. पाच वेळा उभा राहिला, हिट शून्य. पुस्तकात आता कायम हेच राहील. भिंतीवरची पहिल्या भारतीय खेळाडूची ओळही पेंटरने पुसून टाकली, कारण भरायला नाव नव्हतं.

त्या दिवसापासून तो माझा फोन उचलत नाही. शारजा ते उम्म अल कुवैन, अर्धा तास लागत नाही, आणि मी गाडी काढून निम्म्या रस्त्यातून परत येते. आता मला तुमचं नक्की मत हवं आहे, बाबा. शाब्बासकी नको. सून आली असेल तर ते चित्रीकरण पाहा आणि खरं काय ते कळवा.

दोघांवरही लोभ असावा, एकीवर नको.
वीणा


अमरावती,
९ जानेवारी २०२६

चि. वीणा हीस,
अ. उ. आशीर्वाद.

राजाभाऊंकडे मोठ्या टीव्हीवर पाहिले. एकदा नव्हे, बावीस वेळा. माझे जुने स्टॉपवॉच घेऊन गेलो होतो.

बॅटला चेंडू लागल्यापासून सुजीत चार पूर्णांक चार सेकंदांत पहिल्या बेसवर आहे. या वयात! शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हपर्यंत चेंडू पोचायलाच अडीच सेकंद गेली आहेत, आणि तो इतका खोल होता की तिथून चेंडू काढून, उठून, फेकून, बेसवर पोचवायला कितीही चपळ माणूस असो, सव्वादोन लागतील. बेरीज तूच कर. चेंडू निसटला नसता तरी सुजीत पोचला असता. निसटण्याने काहीही फरक पडला नाही. ती हिट होती, वीणा. साधी, स्वच्छ हिट.

तू चुकलीस, पण तुझ्यापेक्षा मी जास्त चुकलो. न पाहता शाब्बास लिहिले. आपला माणूस समोर आला की आपण पारडे त्याच्या विरुद्ध दाबून धरतो आणि त्याला निःपक्षपणा म्हणतो. तो निःपक्षपणा नव्हे. ती लोकांची भीती आहे. ती मी तुला वहीबरोबर शिकवली. मला याचे फार वाईट वाटते, आणि आता नोंद बदलायची सोय नाही याचे त्याहून.

दुसरे सांगायचे लांबवत होतो. गळ्यातले परत आले आहे. ऑक्टोबरातच कळले होते. या खेपेस डॉक्टर ऑपरेशनचे नाव काढत नाहीत, त्यावरून मी समजलो. जेवण आता नळीने चालते. घाबरून धावत येऊ नकोस, पण फार लांबवूही नकोस.

सोबत सुजीतसाठी बंद पाकीट आहे. त्याच्या हातात दे. फोन उचलत नसेल तर दारात जाऊन उभी राहा.

माया आहेच. ती तुम्हा दोघांत राहो.
बाबा


अमरावती,
९ जानेवारी २०२६

चि. सुजीत यास,
अ. उ. आशीर्वाद.

एवढे लिहायला चार वर्षे लागली.

तुझी ती हिट मी पाहिली. वीणाला कळवले आहे, की ती हिटच होती. वहीत काहीही असो, मी बावीस वेळा पाहिली आहे. धावताना तू अजून मान वर करत नाहीस, हे मला आवडले.

आता अकोल्याचे. तो निर्णय मी चुकीचा दिला. तुझा पाय प्लेटला आधी लागला होता आणि कॅचरचा ग्लोव्ह तुला नंतर लागला. मी ते पाहिले होते. तू सेफ होतास. पण सगळे गाव बसले होते, आणि बापाने पोराला वाचवले असे म्हणतील म्हणून माझा हात आउटचा उठला. पंधरा वर्षे हे मी कोणाला सांगितले नाही. तुझा राज्य संघ माझ्यामुळे गेला. तू रागावलास ते योग्यच होते.

मला आता फार दिवस नाहीत. वीणा सांगेल. तुला रजा मिळत असेल तर येऊन जा. मी बोलू शकत नाही, त्यामुळे भांडणाची भीती नाही. तू बोलशील ते ऐकेन.

तुझ्यावर लोभ नव्हता असे कधीही झालेले नाही.
बाबा


उम्म अल कुवैन,
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

ती. बाबांना,
सा. न.

मराठीत एवढं लिहायची प्रॅक्टिस गेली आहे. काही चुकलं तर समजून घ्या.

ताई रविवारी दारात येऊन उभी राहिली. मी शिफ्टवरून आलो तेव्हा ती दीड तास तिथेच होती, यम्नाला फोन लावून विचारत होती की मुदत गेल्यावर काही करता येतं का. येत नाही. मी तिला म्हटलं जाऊ दे. दोघं बसून जेवलो. मग ती तुमच्या आजाराबद्दल बोलली आणि पाकीट दिलं.

बाबा, तुमचं पत्र वाचून मला झोप नाही. कारण तुम्ही लिहिलंय ते खरं नाही. मी आउट होतो. कॅचरचा ग्लोव्ह माझ्या नडगीला लागला तेव्हा माझा पाय प्लेटपासून वीतभर लांब होता. मला त्याच सेकंदाला समजलं होतं. तुमचा निर्णय हंड्रेड पर्सेंट करेक्ट होता. तुम्ही पंधरा वर्षं हे ओझं घेऊन बसला होतात, आणि मी एका शब्दात ते काढू शकलो असतो, आणि मी गप्प बसलो. राज्य संघ गेला तो माझ्या खेळाने गेला.

मग मी कशावर रागावलो होतो ते आज लिहितो. मी तिथे मातीत पडलो होतो. तुम्ही आउट दिलंत, ब्रशने प्लेट साफ केली आणि ऑफिशियल्सच्या तंबूत निघून गेलात. संध्याकाळी मी संघाबरोबर परत आलो आणि तुम्ही दुसऱ्या बसने. घरी जेवताना तुम्ही आईकडे मीठ मागितलंत. मला निर्णय बदलून नको होता, बाबा. मॅच संपल्यावर तुम्ही अंपायर नव्हतात. येऊन एकदा पाठीवर हात ठेवला असता, तर मी कुठेच गेलो नसतो. एवढंच होतं. एवढ्याशा गोष्टीवर मी इतकी वर्षं घालवली याची आता लाज वाटते.

रजा मंजूर झाली आहे. पण माझा पासपोर्ट रिन्यूअलला दिलेला आहे. रोज फोन करतो, ते रोज सोमवार म्हणतात. तो हातात आला की त्याच दिवशी निघतो. ताई, अरुणभावजी आणि ईरा उद्या निघत आहेत, हे पत्र त्यांच्याकडे देतो. थांबा, बाबा. इन्शाल्ला मंगळवारी मी तुमच्याजवळ बसलेला असेन.

लोभ मी विसरलो होतो, तुम्ही विसरू नका.
तुमचा,
सुजीत


अमरावती,
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

प्रिय सुजीत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला नागपूरच्या विमानतळावर अरुण देईल. गाडीतच वाच. अमरावतीपर्यंत तीन तास आहेत. घरात माणसांची गर्दी आहे, बाबांचे जुने विद्यार्थी अंगणात सतरंज्या टाकून बसले आहेत, तिथे मला तुझ्याशी बोलता येणार नाही. रविवारी फोनवर तू रडलास आणि मी रडले, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

तुझी वाट पाहायची मी खूप विनवणी केली, पण डॉक्टर आणि राजाभाऊ दोघंही म्हणाले, की सोमवारचंही नक्की नाही तर ठेवणं बरं नव्हे. अग्नी मी दिला. अस्थी तुझ्यासाठी ठेवल्या आहेत, त्या तूच सोडायच्या.

आता शनिवारचं सांगते. आम्ही दुपारी पोचलो. बाबा इतके लहान झाले होते, की मला क्षणभर दुसऱ्याच कोणाच्या घरात आल्यासारखं वाटलं. पण शुद्ध पूर्ण होती. ईराला जवळ घेतलं. दारामागे आणखी कोणी आहे का म्हणून ते पाहत राहिले. मी सांगितलं, की तुझा पासपोर्ट सोमवारी मिळतोय, तू मंगळवारी येतोस. त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

रविवारी सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांनी तुझं पत्र वाचायला सांगितलं. चष्मा लावून प्रयत्न केला होता, पण अक्षरं हलत होती. मी मोठ्याने वाचलं. तू लिहिलं आहेस ना, की मी आउट होतो, पाय वीतभर लांब होता? तिथे मी थांबले. मला वाटलं, हे ऐकून त्यांना धक्का बसेल. त्यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, माहीत आहे.

मला काही समजेना. मी विचारलं, मग सेफ होतास असं का लिहिलंत? पाटी पुसायलासुद्धा त्यांना वेळ लागला. मग लिहिलं, त्याला यायला काहीतरी कारण हवं होतं.

सुजीत, आयुष्यभर ज्या माणसाने एक टिंबही खोटं लिहिलं नाही, त्याने तुला बोलवायला ते पत्र लिहिलं. आणि मी मात्र खरी हिट तुझ्या नावावरून काढून घेतली. त्याची माफी मी तुझ्याकडे मागते. भिंतीवर किंवा पुस्तकात ती आता कधीच येणार नाही, आणि हे मला रोज टोचेल.

पुढचा भाग मी हळू वाचला. तंबूत निघून गेलात, दुसऱ्या बसने आलात, मीठ मागितलंत. त्यांनी डोळे मिटले, पण ऐकत होते, पाणी कानापर्यंत येत होतं. पाठीवर हात ठेवला असता तर, हे मी वाचलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. तुझं पत्र छातीवर ठेवलं आणि त्यावर पूर्ण पंजा टेकवला. मग बराच वेळ तो हात ते थोपटल्यासारखा हलवत होते. मी पाणी आणायला आत गेले. आले तेव्हा हात थांबला होता.

बाकी काही विचारू नकोस, दारात आलास की आधी माझ्याजवळ ये.

आता आपण दोघंच. लोभ सोडू नकोस.
तुझी,
वीणाताई